न मोजलेली नाडी

चारुलता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. साल १९५३. इंदूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ट्रेनिंग घेणाऱ्या चौदा मुलींमध्ये मराठी घरातल्या तिघीच होत्या. त्यांतही जिच्या घरच्यांनी होळकर सरकारच्या कचेरीत पिढ्या काढल्या अशी ही एकटी. वडील श्रीपादराव हुजूर कचेरीत दफ्तर सांभाळायचे. संस्थान मध्यभारतात गेलं, कचेरीची पाटी बदलली आणि थोड्याच दिवसांत श्रीपादराव पेन्शनीत निघाले. मुलीनं नर्स व्हायचं म्हटलं तेव्हा त्यांनी आडकाठी केली नाही. पण नात्यातल्या कुणी विचारलं तर ते "शिकतेय अजून" म्हणायचे आणि काय शिकतेय ते सांगायचं टाळायचे. कुणा परक्याच्या जखमा धुणाऱ्या मुलीशी लग्न कोण करील, ही आईची काळजी वेगळीच.

चारुलताला हे टोचत असे. आपलं काम एकदा कुणीतरी मोठ्या माणसानं पाहावं आणि आपल्या घरी जाऊन सांगावं, असं तिला फार वाटे. हात तिचा खरोखर चांगला होता. तिच्यासारखी पट्टी बांधणारी त्या वर्षात दुसरी नव्हती आणि हे तिला ठाऊक होतं.

त्यांना शिकवायला लीला सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्या नेहमी सांगायच्या, एकदम खूप माणसं आली तर आधी कुणाचीच जखम बांधायला बसू नका. प्रत्येकापाशी एक मिनिट थांबा. नाडी मोजा, श्वास बघा, कपाळाला हात लावा, नाव विचारा. चिठ्ठीवर लिहून ती त्याच्या अंगावर अडकवा आणि पुढच्याकडे जा. सगळे बघून झाले की मग कोण आधी, कोण नंतर ते ठरवा. जो ओरडतोय त्याच्यात ओरडण्याइतका जीव आहे. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. चारुलताच्या वहीत हे सगळं सुबक अक्षरात उतरवलेलं होतं.

त्या वर्षी भाऊबीजेच्या सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्याच्या आवारात गौतमपुऱ्याहून एक लॉरी आली. गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट खेळतात. हिंगोटाचं कडक फळ आतून कोरायचं, त्यात दारू ठासायची आणि दोन बाजूंनी एकमेकांवर पेटवून फेकायचं. दरवर्षी माणसं भाजतात आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा उतरतात. आदल्या संध्याकाळी भाजलेले आणि रात्री वाहन न मिळाल्यानं अडकलेले अकरा जण त्या दिवशी आले. कुणाचा हात, कुणाची मान, एकाच्या तर डोळ्यावरच उडालेलं. व्हरांड्यात एकदम गलका झाला. सुट्टीचा दिवस, माणसं कमी. लीला सिस्टर डोळ्यावाल्याला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. जाता जाता त्यांनी चारुलताला सांगितलं, लॉरीतून उतरलेल्या प्रत्येकाची चिठ्ठी कर, एकही सोडू नको. आणि कमलला सांगितलं, तू चिठ्ठ्या बघून एकेकाला आत घे.

कमल चारुलताच्याच वर्षाची. मानपूरची. तिचा भाऊ तिथं आग्रा रोडवर मोटारी दुरुस्त करायचा. दोघींच्या खाटा शेजारी होत्या. त्या दिवशी दुपारच्या मोटारीनं कमल भावाकडे ओवाळायला जाणार होती. ओवाळणीचं ताट तिनं सकाळीच कपड्यात बांधून ठेवलं होतं.

चारुलतानं पहिल्या चार जणांच्या चिठ्ठ्या नीट केल्या. घड्याळाकडे बघून पुरतं एक एक मिनिट नाडी मोजली. पाचव्यापाशी आली आणि थबकली. बाकावर रेशमी कुडता घातलेला तिशीचा एक माणूस कोपरापासून हात वर धरून बसला होता आणि सगळ्यांत मोठ्यानं कण्हत होता. तिनं त्याला ओळखलं. दौलतराव. त्याचे वडील, आबासाहेब, होळकरांच्या फौजेत मोठे अधिकारी होते आणि श्रीपादरावांनी त्यांच्यासमोर कधी बसून बोलणं केलं नव्हतं. मित्रांबरोबर गंमत बघायला मोटारीतून गेला होता. एक हिंगोट भरकटून त्याच्याकडे आलं. मोटार तिथंच बिघडली, म्हणून लॉरीत बसावं लागलं.

त्यानंही तिला ओळखलं. "तुम्ही श्रीपादरावांच्या ना? बघा हो जरा. कोणी लक्षच देत नाहीये इथं."

हात मनगटाजवळ तीन बोटं रुंद एवढाच भाजला होता. फोड आले होते, बाकी काही नव्हतं. नाडी मोजायची, चिठ्ठी अडकवायची आणि पुढं जायचं, एवढंच काम होतं. पण चारुलता पाणी आणि मलम घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. हात हळूहळू धुतला. मलमाची पट्टी ठेवली. वरून कापडाची पट्टी अशी बांधली की एक सुरकुती नाही. तो कण्हायचा थांबला. तिच्या घरचं विचारू लागला आणि म्हणाला की तुमच्या हाताला गुण आहे, मी आबासाहेबांना सांगेन. तिला तोंडावर ऊन आल्यासारखं झालं. वीस मिनिटं गेली असतील. नंतर आयुष्यभर तिनं ती मोजली आणि तिला ती कधी वीसच्या खाली आणता आली नाहीत.

उरलेल्यांच्या चिठ्ठ्या तिनं मग घाईनं उरकल्या. नाडी पंधरा सेकंद मोजायची आणि चारानं गुणायचं. तेही कधी कधी दहाच सेकंद.

शेवटचा, डोळ्यावाला धरून अकरावा, माणूस भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. चाळिशीचा, धोतर आणि अंगात जाड्याभरड्या गाढ्याची बंडी. कुठंही भाजलेला नव्हता. आधी तिला वाटलं हा कुणाचा तरी सोबती असेल. पण लॉरीवाल्यानं आपण अकरा जखमी आणले असं सांगितलं होतं. तिनं नाव विचारलं. त्यानं लक्ष्मण सांगितलं, जातीनं कुंभार, आणि मग हात हलवून म्हणाला, "म्हारे कंई नी हुयो, बई. पेलां इनके देखो." मला काही झालं नाही, आधी यांना बघा, असं त्याचं म्हणणं. स्फोटानं बैल बिचकले होते आणि गाडीचं जू त्याच्या डाव्या कुशीत बसलं होतं, एवढं तिला कळलं. तोंड कसं पांढरं पडलंय आणि कपाळावर घाम आहे, हेही तिनं पाहिलं. पाहिलं हे खरं. नोव्हेंबरच्या थंडीत तो घाम कुठून आला, याचा विचार करायला ती थांबली नाही.

त्यानं पाणी मागितलं. तिनं गडू भरून दिला. तो घटाघटा प्यायला, पुन्हा मागितलं. तिनं पुन्हा दिलं. त्याच वेळी दौलतराव तिकडून हाक मारत होता, गाडी आली, जातो म्हणून सांगायला. चारुलतानं चिठ्ठीवर लिहिलं: लक्ष्मण, नऊ चाळीस, नाडी ८०. दोरा त्याच्या गळ्यात अडकवला आणि ती बाकाकडे गेली.

त्याच्या मनगटाला तिनं हातही लावला नव्हता.

साडेदहाला कमल चिठ्ठ्यांच्या क्रमानं शेवटी लक्ष्मणपाशी पोचली. ऐंशीची नाडी, जखम नाही, म्हणजे याला घाई नाही, असा तिचा हिशेब. चिठ्ठी बघून कुणीही तोच केला असता. तिनं खांद्याला हात लावला तर माणूस कुशीवर कलंडला. नाडी बोटांना जेमतेम लागत होती, मोजता येईना. कमल धावत सिस्टरांकडे गेली. डॉक्टर आले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, आत रक्त साचलंय, प्लीहा फुटली असणार, टेबल तयार करा. स्ट्रेचर उचलताना त्यांनी विचारलं, "याला काही पाजलंय का कुणी?"

कमल म्हणाली, "मी नाही."

चारुलता तीन हातांवर उभी होती. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तिनं आपल्या हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि काही बोलली नाही. ज्यांच्यापाशी खरं बोलायचं तीच माणसं समोर उभी होती, तरी तिला वाटत राहिलं की आत्ता नको, मग सांगू. स्ट्रेचर दाराच्या आत गेलं.

बेशुद्ध करताना लक्ष्मणला उलटी झाली आणि पाणी छातीत गेलं. ऑपरेशन मात्र पार पडलं. लॉरीवाल्यानं आणि त्याच्या क्लीनरनं रक्त दिलं. तो वाचला, पण दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि न्यूमोनियानं त्याला तीन आठवडे खाटेवर पाडलं. त्यातले पहिले सहा दिवस तो जाईल की राहील हे कुणीच सांगत नव्हतं.

चौकशी त्याच संध्याकाळी झाली. मेट्रननी चिठ्ठी टेबलावर ठेवली. नऊ चाळीसला नाडी ऐंशी, म्हणजे माणूस तेव्हा ठीक होता. मग साडेदहापर्यंत पन्नास मिनिटं तो व्हरांड्यात कुणाच्या ताब्यात होता? कमलच्या. बिघडत चालला तेव्हा तिनं एकदाही वळून का पाहिलं नाही? पाणी कुणी दिलं? कमल म्हणाली, माहीत नाही. त्यावर मेट्रन म्हणाल्या की हेही माहीत नाही, हीच तर गोष्ट आहे. तिची महिनाभराची सुट्टी बंद झाली आणि नावापुढे शेरा पडला. चारुलता शेजारी उभी होती. तिच्याबद्दल मेट्रन एवढंच म्हणाल्या की हिच्या सगळ्या चिठ्ठ्या स्वच्छ आणि पूर्ण आहेत.

खोलीत आल्यावर कमलनं ताटाची गाठ सोडली आणि करंज्या सगळ्या मुलींना वाटून टाकल्या. चारुलताच्या हातातही दोन ठेवल्या. मग खाटेवर बसून म्हणाली, "सच सांगू का चारू, मी दोनदा त्याच्यासमोरून गेले. दोन्ही वेळा मला तो झोपलाय असंच वाटलं. तू बघितलास तेव्हा चांगला होता ना?"

"हो," चारुलता म्हणाली.

त्या एका शब्दाची लाज तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटली, तेव्हाही आणि पुढंही. आकडा घाईत लिहिला होता. डॉक्टरांसमोर ती घाबरून गप्प राहिली होती. हे मात्र शांतपणे, करंजी हातात धरून, मैत्रिणीच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं.

कमल त्यानंतर बदलली. कामाला आधी चटपटीत असायची, आता एकेका रोग्यापाशी तीन-तीनदा जायची. नाडी मोजून झाली की पुन्हा मोजायची. जेवताना आपलं मनगट धरून बसायची. लीला सिस्टरांनी एकदा विचारलं तर म्हणाली, माझ्या बोटांना बरोबर कळत नाही बहुतेक. चारुलता हे रोज बघत होती.

दहाव्या-बाराव्या दिवशी दौलतरावांच्या घरून मेट्रनला पत्र आलं. कुमारी चारुलता यांनी जी तत्परता आणि सेवाभाव दाखवला, वगैरे. मेट्रननी ते सगळ्या मुलींसमोर वाचलं. तीच बातमी आबासाहेबांकडून श्रीपादरावांच्या कानावर गेली. रविवारी ते भेटायला आले ते टोपी घालून, सरदारांकडे जाताना घालायचे ती. म्हणाले, परवा आपल्या नात्यातल्या गजाननरावांनी विचारलं तर सांगितलं मी, मुलगी नर्सिंग करतेय. हे सांगताना ते जरा हसले. दोन वर्षं जे ऐकायची ती वाट बघत होती ते हेच होतं. चारुलता मान खाली घालून उभी राहिली. त्यांना वाटलं, मुलगी लाजली.

लक्ष्मणचा ताप उतरला तो चौथ्या आठवड्यात. त्याची बायको गावाहून येऊन राहिली होती. चारुलताची ड्यूटी त्याच वॉर्डात लागली. पहिल्याच सकाळी त्यानं तिला ओळखलं आणि बायकोला दाखवून सांगितलं की हीच ती बाई. इतक्या गर्दीत कोणी विचारत नव्हतं, हिनं मला दोनदा पाणी पाजलं. बायकोनं पुढं होऊन चारुलताचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. त्यानंतर रोज ती आल्या-गेल्याला हे सांगू लागली.

तीन दिवस चारुलतानं ते ऐकलं. चौथ्या दिवशी दुपारी बायको कपडे धुवायला गेली होती. चारुलता लक्ष्मणच्या खाटेपाशी गेली आणि उभ्या उभ्याच तिनं सांगून टाकलं. तुमची नाडी मी मोजली नव्हती. आकडा मनानं लिहिला. ते पाणी द्यायला नको होतं, त्यानंच तुम्ही इतके दिवस पडलात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही आणि दुसऱ्याच मुलीला बोल लागला. हिंदीत बोलत होती, मध्येच मराठीत जात होती. लक्ष्मणला सगळं कळलं. हा भला माणूस आहे, हा माफ करेल, हे तिला मनात कुठंतरी ठाऊक होतं, म्हणून तर ती आधी त्याच्याकडे आली होती. हेही तिला बोलता बोलताच समजलं.

त्यानं नजर छताकडे वळवली. मग त्यानं विचारलं, ती दुसरी म्हणजे कोण, जिनं मला खाली पडताना धरलं ती का? चारुलता हो म्हणाली.

"तो म्हारे कंई केवो हो, बई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. "उनके जईने को."

मला कशाला सांगता, तिला जाऊन सांगा, एवढं म्हणून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

कमल कपडे ठेवायच्या खोलीत चादरी मोजत होती. चारुलतानं दार लोटलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "किती होती मग?"

"मोजलीच नाही, कमल."

"म्हणजे तेव्हाच वर गेलेली असेल. एकशेवीस, एकशेतीस." तिनं हातातली चादर घडी करून ठेवली. "मी महिनाभर विचार करतेय की माझं डोकं चालत नाही. भावाला लिहिलं मी, की मला हे काम जमणार नाही, घरी येते. आणि तू शेजारच्या खाटेवर झोपत होतीस."

चारुलता रडू लागली. कमल म्हणाली की रडू नको, मला तुझी समजूत घालायची नाहीये. मग म्हणाली, "सिस्टरांना मी काही सांगणार नाही. तू सांग. आत्ता चल. मी दाराशी उभी राहते."

लीला सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून ती चिठ्ठी काढली आणि चारुलतासमोर ठेवली. ऐंशीचा आकडा खोडायचा नाही म्हणाल्या, कागदावर जे लिहिलं ते लिहिलं. त्याच्याखाली तुझ्या हातानं लिही की नाडी मोजली नव्हती, दोन गडू पाणी दिलं होतं, आणि खाली सही कर. चारुलतानं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. सिस्टर म्हणाल्या, "तुझं अक्षर आणि तुझी पट्टी बघून मी तुला तिथं एकटीला उभं केलं. ती चूक माझी आहे, मेट्रनना मी तसं सांगणार आहे. पण हा आकडा तुझा." मग त्यांनी दाराबाहेरून कमलला आत बोलावलं, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिची माफी मागितली. एवढ्या वयाच्या बाईला एका मुलीपुढं हात जोडताना बघणं चारुलताला सोसवेना. पण सिस्टरांनी तिला बाहेर जायला सांगितलं नाही.

कमलचा शेरा काढला गेला आणि सुट्टी परत मिळाली. चारुलता सहा महिने मागं ठेवली गेली. घरी पत्र गेलं. दौलतरावांचं कौतुकाचं पत्र आणि तिच्या सहीची चिठ्ठी मेट्रननी एकाच फाइलीत लावली.

श्रीपादराव रविवारी आले, या वेळी टोपी नव्हती. आईनं सांगितलं होतं की सामान घेऊनच या. ते बाकावर बसले. मग म्हणाले, तीस वर्षं मी दफ्तर सांभाळलं. माझ्या हातून कागद गहाळ झाले, वाळवीनं खाल्ले, पण खोटा आकडा कधी पडला नाही. हे बोलून झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, घरी यायचंय का? ती नाही म्हणाली. ते उठले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, एरवी ठेवायचे. पण फाटकापाशी वळून म्हणाले की महिन्यातून एकदा येत जाईन. आणि ते येत राहिले.

लक्ष्मण डिसेंबरच्या मध्याला घरी गेला. त्याच्या बायकोनं नंतर कुणाला पाण्याची गोष्ट सांगितली नाही. निघताना तिनं कमलला मातीची एक सुरई दिली. चारुलता त्या वेळी वॉर्डात खाटांच्या चादरी बदलत होती. लक्ष्मणनं तिच्याकडे पाहून हात जोडले, जसे तो वॉर्डबॉयला आणि झाडूवालीला जोडत होता तसेच. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

कमलनं आपली खाट बदलून घेतली. कामापुरतं बोलायची, आणि 'चारू' म्हणायची ती आता पूर्ण नाव घेऊ लागली. परीक्षा होऊन ती पास झाली, तिला रतलामला जागा मिळाली. निघायच्या दिवशी चारुलतानं पेटी उचलू लागायला हात पुढं केला. कमलनं एका बाजूची कडी तिला धरू दिली. टांग्यापर्यंत दोघींनी पेटी नेली. पत्र लिहिलं तर चालेल का, असं चारुलतानं विचारलं. कमल म्हणाली, लिही, वेळ मिळाला तर उत्तर देईन.

चारुलतानं तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं, अर्धं पान. रतलामला पाण्याचे हाल आहेत, डॉक्टर कडक आहेत पण बरे आहेत, भावाला मुलगी झाली. झाल्या गोष्टीचा एक शब्द नव्हता. चारुलता तेव्हा आपल्या मागं राहिलेल्या सहा महिन्यांतल्या शेवटच्या महिन्यात होती. तिनं ते पत्र व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तोंड धुऊन ड्यूटीवर गेली.